पहिल्या भेटीचा धडा : न्यूझीलंडच्या शाळांत

न्यूझीलंडच्या किनाऱ्यावर माओरी आणि युरोपीय दर्यावर्दी यांची पहिली भेट एका दिवसात उरकली नाही. १६४२ मध्ये ती दक्षिण बेटाच्या उत्तर टोकाशी झाली, १७६९ मध्ये उत्तर बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर झाली, आणि पुढची कित्येक वर्षे एकेका खाडीत नव्याने होत राहिली. माओरींचे पूर्वज साधारण तेराव्या शतकात पॉलिनेशियातून मोठ्या होड्यांनी येऊन या बेटांवर वसले होते. त्यांच्या जमातींना ‘इवी’ म्हणतात. प्रत्येक इवीचा मुलूख वेगळा, पूर्वज वेगळे, आणि परक्याशी झालेल्या भेटीची आठवणही वेगळी. शाळेतल्या पुस्तकाने मात्र शंभर वर्षे या साऱ्या आठवणींच्या जागी एकच गोष्ट सांगितली, आणि ती जहाजावरून दिसलेली होती. किनाऱ्यावरून दिसलेली गोष्ट वर्गात यायला किती काळ लागला आणि ती कोणामुळे आली, हा त्या देशाच्या शालेय शिक्षणाच्या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा भाग आहे.

पहिले आले ते डच. आबेल तास्मान याची ‘हीम्सकर्क’ आणि ‘झीहान’ ही दोन जहाजे १८ डिसेंबर १६४२ रोजी आज गोल्डन बे म्हणून ओळखल्या जाणाऱ्या उपसागरात थांबली. माओरींसाठी हा मोहुआचा किनारा, न्गाती तुमाताकोकिरी या जमातीचा. संध्याकाळी दोन होड्या जहाजांच्या दिशेने आल्या. त्यांतल्या माणसांनी खड्या आवाजात हाका दिल्या आणि शिंगासारखे वाद्य फुंकले. डचांनी उत्तरादाखल आपल्या तुतारीवाल्याला वाजवायला लावले. माओरी रिवाजात परक्यासमोर असे वाद्य फुंकणे हे बहुधा आव्हान असे, आणि तसे असेल तर जहाजावरच्या तुतारीने ते आव्हान नकळत स्वीकारले होते. दुसऱ्या दिवशी दोन जहाजांमध्ये ये-जा करणाऱ्या छोट्या बोटीवर एक माओरी होडी वेगाने येऊन आदळली. ४ डच खलाशी प्राणास मुकले. तास्मानने जमिनीवर पाऊलही न ठेवता नांगर उचलला, निघताना पाठलागावर आलेल्या होड्यांवर गोळ्या झाडल्या आणि नकाशावर त्या जागेला ‘खुन्यांचा उपसागर’ असे नाव देऊन टाकले.

शिक्षकासाठी ही भेट सर्वांत अवघड आहे. डचांच्या बाजूने तास्मानची रोजनिशी आहे, इसाक गिल्सेमान्स याने काढलेले होड्यांचे आणि माणसांचे चित्र आहे. दुसऱ्या बाजूचे फारसे काही उरलेले नाही. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतर जमातींनी न्गाती तुमाताकोकिरींचा पाडाव केला आणि त्यांच्या मुलखाबरोबर त्यांच्या बहुतेक आठवणीही गेल्या. त्यामुळे मुलांच्या पुस्तकात बराच काळ फक्त मारल्या गेलेल्या खलाशांचा आकडा आणि नकाशावरचे ते नाव एवढेच उरले. आव्हानाचा अर्थ आज वर्गात सांगितला जातो, पण तो रिवाजावरून बांधलेला तर्क आहे. तो तर्क म्हणूनच सांगायला हवा. मुलांना एवढा फरक कळतो, आणि तो कळणे हाच त्या धड्याचा निम्मा उपयोग आहे.

तास्माननंतर १२७ वर्षांनी जेम्स कुक आला. त्या वेळी तो लेफ्टनंटच होता. त्याचे ‘एन्डेव्हर’ हे जहाज ऑगस्ट १७६८ मध्ये इंग्लंडहून निघाले. ताहिती बेटावरून ३ जून १७६९ रोजी शुक्राचे अधिक्रमण पाहायचे आणि मग दक्षिणेकडे कल्पिलेल्या मोठ्या खंडाचा शोध घ्यायचा, असे त्याला हुकूम होते. रॉयल सोसायटीचे अध्यक्ष लॉर्ड मॉर्टन यांनी त्याला लेखी सूचनाही दिल्या होत्या. भेटतील ते लोक आपापल्या भूमीचे रास्त मालक आहेत, त्यांचे रक्त सांडणे हा गुन्हा ठरेल आणि त्यांनी हल्ला केला तरी धीर धरावा, असा त्या सूचनांचा आशय होता. ताहितीहून निघताना जहाजावर तुपाइया नावाचा राइआतेआ बेटावरचा पुरोहित आणि नावाडी चढला. विस्तीर्ण पॅसिफिकमधल्या बेटांची माहिती त्याला तोंडपाठ होती. न्यूझीलंडमध्ये जे संभाषण झाले ते त्याच्यामुळेच, कारण त्याची भाषा माओरींना समजत होती.

६ ऑक्टोबर १७६९ रोजी डोलकाठीवरून निकोलस यंग या पोऱ्याला जमीन दिसली. तो सर्जनचा हरकाम्या होता, वय जेमतेम बारा. दिसलेल्या भूशिराला कुकने त्याचे नाव दिले. त्या भूशिराला आधीच नाव होते, ते कुरी-आ-पाओआ. दोन दिवसांनी जहाज तुरांगानुई नदीच्या मुखाशी आले. कुक काही माणसांना घेऊन किनाऱ्यावर उतरला, नदी ओलांडून पलीकडच्या झोपड्यांकडे गेला आणि मागे एक लहान बोट ४ पोरांच्या राखणीत सोडली. झाडीतून ४ माओरी पुरुष त्या बोटीकडे येऊ लागले. जवळच्या दुसऱ्या बोटीच्या तांडेलाने त्यांच्या डोक्यावरून दोनदा बार काढले. एकाने भाला उगारला तेव्हा तिसरी गोळी त्याला लागली. तो ते मारो, न्गाती ओनेओने या लोकांचा. ते चौघे बहुधा परक्याला सामोरे जाण्याचा रिवाज पाळत होते. त्या रिवाजात भाला उगारणे म्हणजे समोरचा कोणत्या हेतूने आला आहे हे पाहणे.

दुसऱ्या दिवशी सकाळी नदीच्या पलीकडे योद्धे जमले आणि त्यांनी ‘हाका’ हे आव्हानाचे नृत्य केले. तुपाइयाने त्यांना हाक मारली आणि ती त्यांना समजली. जहाजावरच्या सर्वांना याचे मोठे नवल वाटले. नदीच्या मुखात ते तोका-आ-ताइआऊ नावाचा खडक होता. एक माओरी पोहत तिथवर आला, कुक बंदूक खाली ठेवून त्याच्याकडे गेला आणि दोघांनी नाकाला नाक लावून होंगी केली. माओरी आणि इंग्रज यांच्यातले हे पहिले अभिवादन. ते फार टिकले नाही. आणखी माणसे पोहत आली, शस्त्रांची अदलाबदल करायला पाहू लागली, आणि ते राकाऊ या रोंगोफाकाता जमातीच्या माणसाने जहाजावरच्या खगोलशास्त्रज्ञाची आखूड तलवार हिसकावली. त्याला गोळ्या घालून मारले. त्याच दुपारी कुकने समुद्रात मासेमारीहून परतणारी एक होडी अडवायला सांगितले. माणसांना जहाजावर आणून चांगले वागवावे, म्हणजे विश्वास बसेल, असा त्याचा बेत होता. होडीतल्यांनी वल्ह्यांनी आणि दगडांनी प्रतिकार केला आणि पुन्हा गोळीबार झाला. काही जण मेले, ३ तरुण पोरांना पाण्यातून उचलून जहाजावर आणले. ते हाउरांगी, इकिरांगी आणि मारुकाउइती ही त्यांची नावे. त्यांना खाऊपिऊ घातले, कपडे दिले आणि दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर सोडले. त्या काही दिवसांत ९ माओरी मारले गेले किंवा जखमी झाले. कुक आणि त्याच्यासोबतचा वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्स या दोघांनीही रोजनिशीत या दिवसाबद्दल खेद लिहून ठेवला. हवे ते काहीच मिळाले नाही म्हणून कुकने त्या उपसागराला ‘पॉव्हर्टी बे’, म्हणजे दारिद्र्याचा उपसागर, असे नाव दिले. मॉर्टन यांच्या सूचना आणि या तीन दिवसांतली कृती शेजारी ठेवून वाचली, तर कुकला राक्षस किंवा देवदूत यांपैकी काहीही ठरवता येत नाही. वरच्या वर्गातल्या मुलांनाही तसेच वाचायला द्यावे.

पुढच्या एका खाडीत सगळे निराळे घडले. ऑक्टोबरच्या अखेरीस जहाज उआवा येथे थांबले. तिथे माओरींचे मोठे विद्यापीठ होते, ते राफेओरो. तुपाइयाचा तिथल्या पुरोहितांशी दीर्घ संवाद झाला, दोन्हीकडच्या कुळकथा आणि देवांची नावे जुळली. किनाऱ्यावरच्या लोकांच्या मनात या जहाजाचा मुख्य पाहुणा कुक नव्हता, तुपाइया होता. ही खाडी त्याची आठवण ठेवून राहिली. तुपाइया चित्रेही काढी. एक माओरी माणूस आणि बँक्स समोरासमोर उभे आहेत, एकाच्या हातात मोठा समुद्री शेवंडा आहे, दुसऱ्याच्या हातात पांढरे कापड, असे त्याचे एक जलरंगातले चित्र लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. ते कोणी काढले हे दोनशेहून अधिक वर्षे कळले नव्हते. १९९७ मध्ये बँक्सच्या एका पत्रावरून ते तुपाइयाचे ठरले. लहान मुलांच्या वर्गात या एका चित्रावर तासभर बोलता येते. दोघांनीही आपली वस्तू अजून सोडलेली नाही, दोघांची नजर एकमेकांवर आहे, आणि चित्र काढणारा दोघांपैकी कोणाच्याच बाजूचा नाही.

नोव्हेंबरमध्ये जहाज फितिआंगाला पोहोचले. ९ नोव्हेंबरला कुकने तिथून बुध ग्रहाचे अधिक्रमण पाहिले, म्हणून इंग्रजी नकाशात तो मर्क्युरी बे झाला. याच खाडीत न्गाती फानाउंगा जमातीचा ते होरेता नावाचा लहान मुलगा होता. पुढे तो मोठा सरदार झाला, खूप जगला, आणि १८५० च्या सुमारास, म्हणजे ऐंशी वर्षांनंतर, त्याने आपल्या लहानपणीची हकिगत वसाहतीतल्या अधिकाऱ्यांना सांगितली. १८५३ मध्ये तो वारला. पहिल्या भेटीचे किनाऱ्यावरून केलेले इतके तपशीलवार वर्णन जगात फार थोड्या ठिकाणी मिळते, आणि तेही लहान मुलाच्या डोळ्यांनी पाहिलेले.

तो सांगतो ते असे. जहाज दिसले तेव्हा म्हाताऱ्यांनी ठरवले की हे देवाचे काम असावे आणि त्यातली माणसे ‘तुपुआ’, म्हणजे अमानवी जीव. ती माणसे किनाऱ्याकडे पाठ करून वल्ही मारत होती, तेव्हा त्यांचे डोळे डोक्याच्या मागे असणार. माओरी वल्हेकरी समोर तोंड करून बसतात, म्हणून हा निष्कर्ष. बायका आणि मुले रानात पळाली, पण पाहुण्यांनी काही केले नाही म्हणून हळूहळू परत आली. तुपुआ शिंपले, दगड, गवत, फुले गोळा करत. एकाने काठी झाडावरच्या पक्ष्याकडे रोखली, गडगडाट झाला आणि पक्षी खाली पडला. मुले पुन्हा पळाली. जहाजावर नेल्यावर एका वृद्ध सरदाराने कोळशाने डेकवर उत्तर बेटाचा नकाशा काढला. मेलेल्यांचे आत्मे जिथून निघून जातात ते उत्तरेचे टोक दाखवताना तो समजावण्यासाठी डेकवर मेल्यासारखा पडला. तुपुआंचा पुढारी फारसा बोलत नसे. तो मुलांजवळ येऊन त्यांच्या डोक्यावर हात ठेवी. त्याने ते होरेताला एक खिळा दिला. मुलाने तो वर्षानुवर्षे जपला. भाल्याचे टोक म्हणून, होडीच्या फळ्यांना भोके पाडायला त्याचा उपयोग केला. एके दिवशी होडी उलटली आणि खिळा समुद्रात गेला. त्याने बुड्या मारून शोधला, सापडला नाही.

त्याच हकिगतीत मृत्यूही आहे. एका माओरी माणसाने कापडाच्या बदल्यात द्यायची वस्तू दिली नाही आणि होडी वळवली, तेव्हा जहाजावरच्या जॉन गोर या अधिकाऱ्याने त्याला गोळी घातली. कुकला हे आवडले नाही. चोरीच्या मानाने शिक्षा फार मोठी झाली, असे त्याचे मत रोजनिशीत आहे. किनाऱ्यावर जमातीने विचार केला, चूक मेलेल्याची होती असे ठरवले, आणि ज्या कापडासाठी जीव गेला त्याच कापडात गुंडाळून त्याला पुरले. एकाच प्रसंगाबद्दल गोऱ्या कप्तानाने आपल्या माणसाला दोष दिला आणि माओरींनी आपल्या माणसाला. कोणत्याही शिक्षकाला याहून चांगला पाठ सापडणार नाही.

फ्रेंचही याच काळात आले. डिसेंबर १७६९ मध्ये झां द सुरव्हिल उत्तरेकडे पोहोचला. त्याचे आणि कुकचे जहाज वादळी हवेत एकमेकांच्या जवळून गेले, पण दोघांना एकमेकांचा पत्ता लागला नाही. एक छोटी बोट हरवल्याच्या रागाने सुरव्हिलने रांगिनुई या सरदाराला पकडून नेले, तो समुद्रातच वारला. १७७२ मध्ये मारिओं द्यु फ्रेन आणि त्याचे काही साथीदार मारले गेले आणि फ्रेंचांनी गावे जाळून सूड घेतला. पूर्वेला दूर असलेल्या रेकोहू, म्हणजे चॅटम बेटांवर, १७९१ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटिश जहाज आले तेव्हा तिथल्या मोरिओरी लोकांतला तामाकोरोरो मारला गेला. मोरिओरी हे युद्धाचा त्याग केलेले लोक. ते स्वतःशी विचार करून म्हणाले की पाहुण्यांशी वागण्यात आपलेच चुकले असावे.

पुढे ब्रिटिश वसाहत झालेल्या या देशाच्या सरकारने १८६७ मध्ये ‘नेटिव्ह स्कूल्स’ कायदा करून माओरी मुलांसाठी इंग्रजी माध्यमाच्या शाळा सुरू केल्या. तिथे माओरी बोलल्याबद्दल मार खाल्लेल्या पिढ्या पुढे बोलत्या झाल्या. १८७७ च्या शिक्षण कायद्याने प्राथमिक शिक्षण मोफत, सक्तीचे आणि धर्मनिरपेक्ष केले. इतिहास हा विषय तेव्हाही वादाचा होता, पण वाद कॅथलिक आणि प्रॉटेस्टंट यांच्यात होता. म्हणून पालकांची हरकत असेल तर मुलाला इतिहासाच्या तासाला बसायची सक्ती करू नये, अशी तरतूद कायद्यात होती. शिकवायचा तो इतिहास इंग्लंडचा. तुरांगानुईच्या मुखातला होंगीचा खडक त्याच १८७७ मध्ये बंदराच्या कामासाठी सुरुंग लावून फोडला गेला. पुढच्या पिढ्यांतल्या मुलांना दाखवायला तो राहिला नाही.

१९०७ पासून सरकारने शाळांसाठी ‘स्कूल जर्नल’ हे मासिक सुरू केले. सुरुवातीच्या दशकांत त्यात साम्राज्य, ध्वज आणि दर्यावर्दी शूरवीर यांच्या गोष्टी भरपूर असत. माओरींच्या आधी या बेटांवर मोरिओरी राहत होते आणि माओरींनी त्यांना हुसकावले, ही चुकीची कल्पनाही १९१६ मध्ये याच मासिकाने मुलांपर्यंत पोहोचवली. ती फार चिवट ठरली. एकाने दुसऱ्याला हटवले, मग तिसऱ्याने दुसऱ्याला हटवले तर काय बिघडले, असा तिचा सोयीस्कर उपयोग मोठ्यांनी अनेक वर्षे केला. १९२० आणि १९३० च्या दशकांत व्हिटकॉम्ब अँड टूम्ब्स या प्रकाशन संस्थेची ‘अवर नेशन्स स्टोरी’ ही पाठ्यपुस्तके वर्गावर्गांत होती. नावातले ‘आपले राष्ट्र’ म्हणजे ब्रिटन.

या काळातल्या धड्यात एक मूल हमखास होते : डोलकाठीवरचा निकोलस यंग. मुलांना तो आवडणे स्वाभाविक होते. गिझबर्न शहरात तुरांगानुई नदीच्या मुखाशी भूशिराकडे बोट दाखवणारा त्याचा पुतळाही आहे. ते होरेताची हकिगत जॉन व्हाइट याच्या माओरी परंपरांच्या संग्रहात १८८० च्या दशकाच्या अखेरीसच छापून आली होती. म्हणजे किनाऱ्यावरचा मुलगा छापील पानात उपलब्ध होता, पण वर्गात डोलकाठीवरचाच दाखवला गेला. या निवडीतून धड्याचा सगळा कल ठरला. डोलकाठीवरून पाहणाऱ्या मुलाला पुढे रिकामी जमीन दिसते, आणि ते मारो हा त्या जमिनीवरचा एक निनावी अडथळा होऊन बसतो.

१९०६ मध्ये गिझबर्नला कुकच्या उतरण्याच्या जागेजवळ ग्रॅनाइटचा स्तंभ उभारला गेला. १९६९ मध्ये द्विशताब्दी मोठ्या थाटात साजरी झाली आणि टेकडीवर कुकचा म्हणून एक पुतळा बसवला गेला, ज्याचा गणवेशही कुकच्या आरमाराचा नव्हता. शाळांची मुले या सोहळ्यांना नेली गेली. उरलेल्या माओरी शाळा सर्वसाधारण शिक्षण मंडळांकडे सोपवल्या गेल्या त्याही १९६९ मध्येच.

बदल शाळेच्या बाहेरून आला. १९७२ मध्ये माओरी भाषा शाळांत शिकवावी म्हणून ३० हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज संसदेत गेला. १९७५ मध्ये ब्रिटिश राजसत्ता आणि माओरी सरदार यांच्यातल्या वाइतांगी कराराच्या भंगाच्या तक्रारी ऐकणारे न्यायाधिकरण स्थापन झाले. १९८२ मध्ये ‘कोहांगा रेओ’ या माओरी भाषेच्या बालशाळा निघाल्या आणि त्यांत आजी-आजोबा मुलांना आपापल्या जमातीच्या गोष्टी सांगू लागले. या मुलांना पहिली भेट किनाऱ्यावरूनच कळली. १९९१ मध्ये मानववंशशास्त्रज्ञ अ‍ॅन सामंड यांचे ‘टू वर्ल्ड्स’ हे पुस्तक आले. १६४२ ते १७७२ या काळातल्या भेटी त्यांनी दोन्ही बाजूंच्या साधनांवरून मांडल्या. जहाजावरची माणसेही ठरावीक समजुती आणि विधी बरोबर घेऊन आलेली एक जमातच होती, ही त्यांची दृष्टी शिक्षकांना फार उपयोगी पडली. तरीही शाळेत स्वतःच्या देशाचा इतिहास शिकवणे ऐच्छिकच राहिले. २००७ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात उद्दिष्टे मोघम होती आणि काय शिकवायचे ते शाळांवर सोपवले होते. हिटलर आणि ट्यूडर राजे यांचा सविस्तर अभ्यास करून न्यूझीलंडबद्दल जवळजवळ काही न शिकता मूल शाळेबाहेर पडू शकत होते.

हे विद्यार्थ्यांनाच खटकले. ओतोरोहांगा कॉलेज या माध्यमिक शाळेच्या विद्यार्थ्यांनी वसाहतीचे सरकार आणि माओरी यांच्यातल्या १८६४ च्या युद्धातली रांगिआओफिआ आणि ओराकाऊ ही ठिकाणे पाहिली. आपल्या घरापासून इतक्या जवळ घडलेले आपल्याला कोणी सांगितले नव्हते, हे त्यांना असह्य झाले. त्यांनी सह्या गोळा केल्या आणि डिसेंबर २०१५ मध्ये १२ हजारांहून अधिक सह्यांचा अर्ज संसदेला दिला. मागणी न्यूझीलंडमधल्या युद्धांविषयी होती, पण तिने सगळ्याच इतिहासाचा प्रश्न उघडा केला. २०१९ मध्ये इतिहास शिक्षकांच्या संघटनेनेही संसदेकडे अर्ज केला. १२ सप्टेंबर २०१९ रोजी पंतप्रधान जसिंडा आर्डर्न यांनी सर्व शाळांत देशाचा इतिहास शिकवला जाईल असे जाहीर केले.

त्याच वर्षी कुकच्या आगमनाला २५० वर्षे होत होती. सरकारने ‘तुइआ २५०’ हा कार्यक्रम आखला आणि त्यात एन्डेव्हरच्या प्रतिकृतीबरोबर पॉलिनेशियन जोडहोड्याही किनाऱ्याकिनाऱ्याने फिरवल्या, म्हणजे मुलांना दोन्ही नौकानयनांची ओळख व्हावी. सर्वांना हे मानवले नाही. न्गाती काहू जमातीने मांगोनुईच्या बंदरात ती प्रतिकृती येऊ देण्यास हरकत घेतली आणि तिथला थांबा रद्द झाला. ऑक्टोबरच्या सुरुवातीला ब्रिटनच्या उच्चायुक्त लॉरा क्लार्क यांनी गिझबर्न येथे मारल्या गेलेल्यांच्या वंशजांपुढे खेद व्यक्त केला. ती औपचारिक माफी नव्हती. काहींनी तेवढे पुरेसे मानले, काहींनी नाही. टेकडीवरचा १९६९ चा पुतळा काढून संग्रहालयाकडे दिला गेला आणि ते मारोचे स्मृतिशिल्प उभे राहिले. त्याच वर्षीपासून उपसागराचे अधिकृत नाव ‘तुरांगानुई-आ-किवा / पॉव्हर्टी बे’ असे जोडनाव आहे. एका पिढीचे आईवडील शाळेत जे शिकले होते ते आणि त्यांची मुले जे पाहत होती ते, यांत इतके अंतर पडले.

नव्या अभ्यासक्रमाचा मसुदा फेब्रुवारी २०२१ मध्ये खुला झाला. सर्वांत रास्त आक्षेप तज्ज्ञांकडून आला : माओरी येऊन पोहोचतात आणि पुढच्या पानावर थेट युरोपीय जहाजे येतात, मधली शतके रिकामी. हा दोष बारीक नाही. भेटीच्या आधी लोक कसे राहत होते, काय पिकवत होते, कोणाशी भांडत आणि सोयरिकी करत होते हे मुलाला ठाऊक नसेल, तर किनाऱ्यावरची माणसे जहाज येईपर्यंत नुसती वाट पाहत उभी होती असेच त्याला वाटणार. अंतिम आराखडा मार्च २०२२ मध्ये आला आणि २०२३ च्या सुरुवातीपासून पहिली ते दहावीसाठी सक्तीचा झाला. माओरी इतिहास हा देशाच्या इतिहासाचा पाया आणि अखंड प्रवाह आहे, हे त्याचे पहिले सूत्र. दुसरे, वसाहतीकरण आणि त्याचे परिणाम. तिसरे, सत्तेचा वापर. चौथे, माणसांमधले आणि सीमांपलीकडचे संबंध. शाळेने आपल्या परिसरातल्या इवीशी बोलून स्थानिक गोष्टी ठरवाव्यात, हा आराखड्यातला सर्वांत धाडसी भाग.

प्रत्यक्ष वर्गात अडचणी पुष्कळ आहेत. पाच-सहा वर्षांच्या मुलांना गोळीबार कसा सांगायचा हा पहिला प्रश्न. बहुतेक अनुभवी शिक्षक तिथे परिसराची नावे, पूर्वज आणि होड्या यांपासून सुरुवात करतात आणि भेटीचा हिंसक भाग मोठ्या वर्गांसाठी ठेवतात. मोठ्या मुलांपासून मात्र तो लपवता येत नाही. ते मारो आणि ते राकाऊ यांची नावे घेऊनच तो सांगायचा असतो, कारण वर्गात त्यांचे वंशज बसलेले असतात. जहाजावरचे आणि किनाऱ्यावरचे असे दोन गट पाडून नाटक बसवणे हा सोपा वाटणारा उपाय धोक्याचा आहे. त्यात माओरी मुलाला मरणारा आणि गोऱ्या मुलाला मारणारा व्हावे लागते, आणि दोघेही घरी काहीतरी चुकीचे घेऊन जातात. त्यापेक्षा एकाच प्रसंगाची दोन वर्णने हातात देऊन कोणाला काय दिसले, कोणाला काय दिसणे शक्यच नव्हते, हे मुलांकडून शोधून घेतलेले बरे. फितिआंगाचा गोळीबार यासाठी सर्वांत योग्य. शिवाय सगळ्या गोष्टी सर्वांसाठी नसतात. काही कथा जमातीच्या मालकीच्या आहेत, त्या कोणी आणि कुठे सांगायच्या हे जमात ठरवते. शिक्षकाने परवानगी मागणे हाही मुलांसमोर घडणारा धडाच आहे. दुसरीकडे, छोट्या इवीकडे एकाच वेळी वीस शाळा विचारणा घेऊन गेल्या तर उत्तरे द्यायला माणसे नसतात, ही तक्रारही खरी आहे.

साहित्याची उणीव थोडी भरून निघाली आहे. गॅव्हिन बिशप यांचे ‘आओतेआरोआ : द न्यूझीलंड स्टोरी’ हे चित्रमय पुस्तक २०१७ मध्ये आले. २०१९ मध्ये कोर्टनी सिना मेरेडिथ यांचे, मॅट टेट यांच्या चित्रांसह, ‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ तुपाइया’ आले. त्यात एन्डेव्हरचा प्रवास तुपाइयाच्या बाजूने सांगितला आहे. इंग्रज आणि माओरी या दोन टोकांच्या मधला हा तिसरा माणूस मुलांना चटकन जवळचा वाटतो. तो स्वतःही घर सोडून आलेला, आणि परत न पोहोचलेला. डिसेंबर १७७० मध्ये तो बटेव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, आजाराने वारला.

२०२३ च्या अखेरीस सत्ता बदलल्यावर नव्या सरकारने संपूर्ण शालेय अभ्यासक्रमाचे पुनर्लेखन हाती घेतले आणि २०२५ मध्ये सामाजिक शास्त्रांचा नवा मसुदा मांडला. त्यात कालक्रमाने शिकवण्यावर आणि जगाच्या इतिहासावर अधिक भर आहे. न्यूझीलंडच्या आणि माओरींच्या इतिहासाचा वाटा त्यात किती राहणार यावरून शिक्षकांमध्ये वाद आहे. पहिल्या भेटीचा धडा कोणत्या इयत्तेत, किती तासांत आणि कोणाला विचारून शिकवायचा, हा प्रश्न त्यामुळे पुन्हा खुला झाला आहे.